वाढायची पाळी

उद्या सकाळी आठला शाळा समितीची बैठक आहे आणि धुरपताबाई तिथे माफी मागायला येणार आहेत. जे त्यांनी केलंच नाही, त्याची माफी. हे डोक्यातून जात नाही.

धुरपताबाई आमच्या लोहाऱ्याच्या शाळेत खिचडी शिजवतात. मूळच्या झरी जामणीच्या जंगलातल्या, एका पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या. नवऱ्याला एमआयडीसीत चौकीदारी मिळाली म्हणून बारा वर्षांपूर्वी इकडे आल्या. नवरा गेला, त्या राहिल्या. स्वतः शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण साठ मुलांची नावं, कोणाचा उपवास, कोणाचा रोजा, कोणाला तिखट सोसत नाही, हे सगळं पाठ.

त्यांच्या पंगतीचे दोन नेम आहेत. जेवणाआधी मुलं मिनिटभर गप्प बसतात. मग एक जण सांगतो, आजचं जेवण कोणामुळे ताटात आलं. एकदा नयन म्हणाला, "जुनेदच्या अब्बांनी टेम्पो दुरुस्त केला, म्हणून तांदूळ आले." बाई हसल्या, "अन् मीठ कोणी टाकलं रे बापू? मले तं कोणी मोजूनच नाही राह्यलं!"

दुसरा नेम असा, की रोज दोन मुलं वाढतात. मूल कोणाच्याही घरचं असो, सगळ्यांच्या ताटात त्यांनीच वाढायचं आणि शेवटी बाईंसोबत जेवायचं.

गेल्या सोमवारी समीक्षाची पाळी होती. माझी मुलगी, चौथीत आहे. घरी आली ती भुकेलीच. "आज अर्धंच ताट जेवली," म्हणाली. पुढचं मी ऐकलं नाही. बी.ए. झालेली बाई मी. कागद घेतला आणि अर्ज लिहिला, 'माझ्या पाल्यास शाळेत उपाशी ठेवण्यात आले.' खाली अकरा पालकांच्या सह्या घेतल्या. समितीचे अध्यक्ष वामनराव म्हणाले, "ताई, हा अर्ज हाय का वकिलाची नोटीस? आता तं त्या बाईले काढाच लागते!" तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

आज दुपारी धुरपताबाई दारात उभ्या. हातात उद्याच्या बैठकीला बोलावणारा समितीचा कागद.

"समीक्षाची माय, एवढं वाचून दे व. शाळेत सारे घाईत हायेत."

मी वाचलं. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. अर्जदाराचं नाव त्यात नव्हतं.

"कोणतं लेकरू उपाशी राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"नाव लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

त्या उंबऱ्यावरच बसल्या. "नोकरीचं जे होईन ते होईन. पण लेकरू उपाशी गेलं अन् मले समजलं कसं नाही? उद्या त्याच्या मायले म्हणीन, चुकलं माझं."

मी पाणी आणून दिलं. जाताना त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये आपला नंबर घ्यायला लावला. "त्या लेकराचं नाव समजलं तं सांगजो."

त्या गेल्यावर समीक्षाला समोर बसवलं. "सोमवारी काय झालं होतं? सगळं सांग."

"अंगणवाडीची मुलं पण जेवायला आलती. खिचडी संपली. माझ्यासोबत वाढणाऱ्याला कशीबशी पुरली, मग एकच ताट उरलं. ते बाईंचं, पण त्या मलाच देत होत्या. मी म्हटलं, अर्धं तुम्ही खा. नाही म्हणत होत्या, मी ऐकलंच नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होती ना! तू अर्ज लिहून राह्यलती."

पोरीने मिळालेलं अर्धं ताट बाईंना परत दिलं. मी तिला रोज विचारायचे, शाळेत काय शिकलीस, तर हे शिकली होती. आणि जिच्याजवळ शिकली, तिला काढायला मी सह्या गोळा केल्या.

अर्ज मागे घेत असल्याचा कागद लिहून तयार आहे. उद्या बैठकीत उभी राहून मीच तो वाचणार, त्या अकरा जणांसमोर. "मंग आमच्या सह्या कायले घेतल्या, ताई?" असं कोणी तरी विचारेलच. चूक माझी होती, म्हणून सांगेन. वामनराव हसतील, हसू देत. बाईंना काढायचा विषय निघाला तर खाली बसणार नाही.

पण हे बाईंना चारचौघांत पहिल्यांदा कळू नये. दुपारी त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या तेव्हा माझी जीभ उचलली नाही, ती उचलायलाच हवी. बाई पाचला उठतात. पाचलाच फोन लावणार. आधी 'कशा आहात' वगैरे काही नाही. सरळ सांगायचं, "बाई, ते लेकरू म्हणजे आमची समीक्षा. अन् तो अर्ज मी लिहिलाय."