शिंपीमास्तरांची शर्यतीची सायकल

आमच्या वरच्या मजल्यावर एक शिंपीमास्तर राहतात. माणूस एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेक दूरदेशी. शिलाई मशीन खडखडतं, तेवढाच काय तो घरात आवाज. मशीन थांबलं की सुई पडली तरी खाली आम्हाला ऐकू यावी!

तरुणपणी घेतलेली शर्यतीची सायकल मात्र त्यांनी जिवापाड जपलेली. पोलादी सांगाडा, खाली वळलेलं हँडल. दर रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा एक घोळका चढ चढून टेकडीवरच्या टपरीपर्यंत जातो. मास्तरही जायचे. पण गाडी जड, गिअर मोजके आणि गुडघे तर सायकलीहून जुने! हे पोचेपर्यंत बाकीचे चहा संपवून हेल्मेट चढवत असायचे.

"या काका, आम्ही निघतोच!"

की हे आपले रिकाम्या कपांसमोर बसलेले. आता मला सांगा, एकट्यानं चहा प्यायचा तर त्यासाठी टेकडी कशाला चढायची? घरी काय कमी होतं?

म्हणून मास्तरांनी मनावर घेतलं. सांगाडा तोच, बाकी सगळं नवं. हँडलवरूनच बदलता येणारे गिअर, हलकी चाकं. यंदा टपरीवर सगळ्यांबरोबर बसायचंच! पण चाकांचं माप कुणाला विचारतील तर ते मास्तर कसले? गळ्यातली टेप काढली, टायरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धरली आणि त्याच मापाची चाकं मागवली. बसवली. भिंगरीसारखी फिरली! ब्रेक दाबला, तर रबर रिमला लागायच्या ऐवजी टायरलाच घासायला लागलं.

सायकलचा दुकानदार पोट धरून हसला. "मास्तर, गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं माप कोटावरून घेता का कधी?"

"जन्मात नाही!"

"मग चाकाचं बरं घेतलंत! टायर म्हणजे कोट. आतली रिम जुनीपेक्षा थोडी लहान आलीय."

"आता रे?"

"आता ब्रेकचं रबर ज्या खाचेत बसतं, ती कानशीनं थोडी खाली वाढवा, रबर उतरेल. एवढी वर्षं कात्री चालवलीत, कानस काय जड आहे?"

आठवडाभर वर खरखर चालली होती. आमची ही म्हणायची, "उंदीर लागलाय." मी म्हटलं, "अगं, मास्तर लागलेत."

आणि रविवारी मास्तर घोळक्याबरोबर पोचले की हो! खुर्ची मिळाली, गरम चहा मिळाला. सगळे सायकलीभोवती जमले. एका मुलीनं विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?"

"मी आणि ही सायकल."

सगळे हसले. मास्तरही हसले, जरा उशिरानं. बोलायची सवयच मोडलेली.

परतीच्या वाटेवर आमची गल्ली सगळ्यात आधी लागते. मास्तर वळलेच नाहीत. एकेक जण आपापल्या कोपऱ्यावर हात करून गेला. शेवटच्या पोरानं विचारलं, "काका, तुमचं घर इकडंच का?"

"हो, हे काय, पुढंच."

तो घरात शिरल्यावर मास्तरांनी सायकल फिरवली आणि सगळं गाव ओलांडून एकटेच परत आले. मी दारातच उभा होतो.

"काय हो मास्तर, चाकं नवी आणि उशीर जास्तच?"

सायकल खांद्यावर घेऊन जिना चढता चढता म्हणाले, "सगळ्यांना घरी पोचवून आलो."