अकॉमोडेट म्हणजे सोफा हलवणे

दसरा झाला की आमचं घर शिरूर कासारातून ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून ऊसतोडीला जायचं. उन्हाळा लागला की परत. मधले महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. फळी म्हणजे जमिनीवरून ट्रकच्या वरपर्यंत टेकवलेलं अरुंद लाकूड. मी खाली उभी राहून श्वास रोखून धरायचे. आई वर पोचली की सोडायचे. त्या फळीवर मला चढावं लागू नये म्हणून आईनं मला हट्टानं हॉस्टेलला ठेवलं आणि मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात, भावकीत, आजोळी, सगळीकडे धरून पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

सध्या मी सिरसाळ्याजवळच्या एका मंगल कार्यालयात मॅनेजर आहे. लग्नात ज्याला सगळे शोधतात आणि पंगतीला कुणीच बोलवत नाही, तो मॅनेजर.

एकदा एका नवरीचा मेसेज आला. प्रतीक्षा तिचं नाव. माहेर उमापूर, नोकरी पुण्याच्या कंपनीत, त्यामुळे मेसेज इंग्रजीत. माझी मोठी बहीण व्हीलचेअर वापरते, तीच माझी करवली आहे, तिला स्टेजवर अकॉमोडेट करा, असं लिहिलं होतं. करवली म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी कळस घेऊन राहणारी बहीण. सगळा मेसेज मला कळला, अकॉमोडेट सोडून. मी आधी "ओके, नोटेड" पाठवलं आणि मग अर्थ शोधला. मोबाईल म्हणाला, जागा करून देणे, गरजेप्रमाणे जुळवून घेणे.

मी म्हटलं, एवढंच ना.

आमचं स्टेज माणसाच्या छातीएवढं उंच. मालकांनी, म्हणजे तात्यांनी, ते मुद्दाम तसं बांधलंय. नवरा-नवरी शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजेत असं ते सांगतात. खरं म्हणजे तात्या दिसले पाहिजेत. वर जायला फक्त पायऱ्या.

मंडपवाले गफूरभाई म्हणाले, "टेन्शन कायको घेता ताई? चार पोट्टे लावतो. खुर्चीसकट उचलून ठेवतेत."

मी खुशीत नवरीच्या बहिणीला फोन लावला. वर्षाताई नाव तिचं.

"उचलायचं न्हाई," ती म्हणाली.

"अहो, चांगली दणकट पोरं हायेत."

"चुलत भावाच्या लग्नात उचलली होती मला. फोटो बघितले. मिरवणुकीतली देवी दिसत होते. दोन म्हाताऱ्या पाया पडल्या माझ्या. मला माझी मी वर जायचंय. होतंय का बघा, न्हाईतर तसं सांगा."

"पण करवली तर उभी..."

"उभीच पायजे असं भटजींनी सांगितलंय का?"

भटजींनी तसं काहीच सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि स्टेजकडे बघत बसले. बघता बघता मला ट्रक आठवला. लगेच आईला फोन लावला.

"आई, ट्रकच्या फळ्या कुणाकडं मिळतील गं?"

"मुकादमाच्या गोठ्यामागं पडल्यात. कावून?"

"मला पायजेत."

आई म्हणाली, "त्या फळीवर चढायला लागू नये म्हनून शिकवलं तुला. आन् तू बी.कॉम. होऊन पुन्हा फळीच मागतीस?"

फळ्या टेम्पोतून आल्या. गफूरभाईंच्या पोरांनी त्या शेजारी शेजारी ठोकून रुंद उतार केला. वरून लाल गालिचा अंथरला. तपासायला व्हीलचेअर नव्हती, पण ऑफिसात माझी चाकाची खुर्ची होती. गफूरभाई म्हणाले, "मै बैठता. माझं वजन हाय. मी गेलो तर कुणी बी जातंय."

दोन पोरांनी त्यांना ढकलत वर नेलं. टोकाला पोचल्यावर मी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. टाळ्या वाजवायला दोन हात लागतात, त्यामुळे खुर्ची सुटली. गफूरभाई आले ते उलटे आले, लई जोरात आले आणि थेट स्वागताच्या थर्माकोलच्या मोरात गेले. मोराची मान त्यांच्या मांडीवर पडली.

"ताई," ते बसल्या बसल्या म्हणाले, "उतार जरा जास्ती झाला."

मी उतार दुप्पट लांब करून घेतला आणि कडेला धरायला बांबू लावले. तात्या बघायला आले. "स्टेज हाय का घसरगुंडी?" एवढं बोलून गेले. वर्षाताई आदल्या दिवशी येऊन दोनदा एकटीच वर जाऊन आली. मला वाटलं, झालं अकॉमोडेट.

लग्नाच्या दिवशी कळलं की मी निम्माच अर्थ शिकले होते.

आमच्याकडे मुहूर्त घड्याळावर नसतो, पाहुण्यांच्या गाड्यांवर असतो. पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. आले की त्यांना स्टेजवर सोफा, फेटा, शाल, नारळ आणि आशीर्वादाचं भाषण. त्या दिवशी पहिले पांढऱ्या कपड्यातले एक दादा आले. मग दुसऱ्या गटाचे एक भाऊ आले. सोफा भरला. मग माजी सरपंच, चालू सरपंच आणि होऊ घातलेले सरपंच. तात्या प्रत्येकाला खुर्ची मागवत होते. स्टेजवर इतकी माणसं झाली की नवरदेव एका पायावर उभा राहिल्यासारखा दिसत होता. भटजी होमाचं सामान पोटाशी धरून कोपऱ्यात गेले होते. आणि सोफा होता नेमका माझ्या उताराच्या तोंडावर.

वर्षाताई मांडीवर कळस घेऊन उताराच्या खाली थांबली होती.

"मॅडम, उतार झकास हाय," ती म्हणाली. "पण वर बसस्टँड भरलंय."

आतल्या खोलीतून प्रतीक्षानं निरोप पाठवला, ताई वर गेल्याशिवाय मी बाहेर येणार नाही. तिचा बाप घाम पुसत माझ्याकडे बघायला लागला. मी तात्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, सोफा हलवावा लागतो."

"त्याच्यावर कोण बसलंय दिसतंय का तुला?"

"करवलीला जागा पायजे."

"खाली बसव की तिला. हे बघ संगीता, त्या माणसांना 'उठा' म्हनलीस, तर उद्यापासून तू बी येऊ नको."

माझी नोकरी एकीकडे, कळस घेतलेली वर्षाताई दुसरीकडे. आणि मला ट्रॉली आठवली. ट्रॉलीत चांगल्या जागेवर कुणी आधीच ठिय्या मारलेला असला, तर आई त्याला कधी उठ म्हणायची नाही. दुसऱ्या टोकाला गोधडी अंथरायची आणि मोठ्यानं म्हणायची, "हितं वारं लई छान लागतंय बाई." माणूस आपणच सरकायचा.

तात्या म्हणाले होते 'उठा' म्हणू नको. मी नाही म्हटलं. गफूरभाईंना खूण करून मोठा कूलर मंडपाच्या मधोमध लावायला सांगितला. फोटोवाल्याला तिकडे उभं केलं, ड्रोन वर सोडायला लावला. वर्षाताईला उताराच्या तोंडापासून जरा बाजूला थांबायला सांगितलं. मग माईक घेतला.

"सर्व मान्यवरांचा सत्कार आता कूलरसमोर, ड्रोन कॅमेऱ्याच्या साक्षीनं होत आहे. पहिला फेटा जे पहिले येतील त्यांना!"

दादांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी दादांकडे. आणि दोघं एकदम उठले. पायऱ्या लांब होत्या, उतार समोर होता. दादा उतारावर आधी आले. दोन पावलं चालले, तिसऱ्याला पळायला लागले, नंतर त्यांच्या हातात काही राहिलं नाही. लोकांना वाटलं खास एन्ट्री आहे. टाळ्या पडल्या, बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. खाली गफूरभाईंनी त्यांना दोन्ही हातांनी झेललं. त्यांना अनुभव होता. मागून भाऊ, तिन्ही सरपंच, आणि कुणाचे कोण माहीत नाहीत असे पाच-सहाजण त्याच वेगानं आले. शेवटी तात्याही आले, कारण फेटे तेच बांधणार होते.

"सोफा!" मी पोरांना म्हटलं. पोरांनी सोफा पायऱ्यांवरून उतरवला आणि कूलरसमोर मांडला. मान्यवर गार वाऱ्यात बसले. परत वर जायचं कुणी नाव काढलं नाही.

उतार मोकळा झाला. वर्षाताईनं कळस मांडीत नीट धरला आणि मला म्हणाली, "मागं येऊ नका. टाळ्या तर बिलकुल वाजवू नका."

ती एकटी वर गेली. प्रतीक्षा बाहेर आली. मी खाली उभी होते. ताई वर पोचून बहिणीच्या पाठीशी थांबली, तेव्हा लक्षात आलं की मी श्वास रोखून धरला होता. सोडला.

तात्या चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दादांचा फोन आला, आमच्या पोरीच्या लग्नाला तसलीच एन्ट्री पायजे, पण उतार जरा कमी ठेवा. त्यानंतर तात्या सगळ्यांना सांगायला लागले की उताराची आयडिया त्यांचीच.

माझा धडा एवढाच, की जागा करून द्यायची तर आधी बसलेल्याची सोय बघावी लागते, आणि टाळ्या काम संपल्यावर वाजवाव्यात.

आमच्या स्टेजला आता सिमेंटचा पक्का उतार आहे. त्याचं माप मी दिलं. मी अजून तिथेच मॅनेजर आहे.