फीत कापली आणि ब्रेक निसटला

पुण्याहून निघालेल्या भाड्याच्या गाडीत बसलो आणि डॅशबोर्डवरच्या काळ्या चिकटपट्टीकडे नजर गेली. पट्टीखाली लाल उजेड लुकलुकत होता.

"ब्रेकचा दिवा हाय. सारखा डोळ्यात खुपतोय, म्हणून झाकलाय," चालक बाबूराव म्हणाले.

"आणि ब्रेक?"

"लागत्यात की, पावणं!"

मोटारीतल्या चिप तपासणं हा माझा धंदा. कोल्हापूरपर्यंत मी जीव मुठीत धरून बसलो. राजारामपुरीत मिसळीच्या कटाने (तिखट रश्श्याने) तेवढे प्राण परत आणले.

एका इंजिनिअरिंग कॉलेजात मोटारीच्या चिपचे आराखडे जगाला खुले व्हायचे होते आणि मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. अशा आराखड्यांत मुद्दाम दोष घालायचे आणि चिपमधली पहारा देणारी यंत्रणा ते पकडते का, ते बघायचं. सगळं खुलं असलं की कुणीही तपासून बघावं. थापेला जागा उरत नाही, अशी माझी भाबडी समजूत.

आधी फेटे, मग शाली, मग नारळ. विभागप्रमुख गरजले, "आमच्या यंत्रणेनं शंभर टक्के दोष पकडले!" टाळ्यांचा कडकडाट. दोष म्हणजे काय, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे. उथळ पाण्याला खळखळाट फार.

जेवताना, हे आराखडे जमवणारी संशोधक सुषमा शेजारी बसली. पांढरा रस्सा तिच्या वाटीत तसाच होता.

"सर, ब्रेकच्या चिपचा आराखडा वगळलाय. त्यात दोष निसटत होते. मी नको म्हटलो, तर प्रमुख, म्हणजे माझे गाईडच, म्हणाले, मग पीएचडी विसर." (इथे मुलीही 'म्हटलो, गेलो'च म्हणतात.)

मी तडक प्रमुखांना गाठलं. ते खदाखदा हसले. "पावणं, लग्नाच्या मांडवात नवरीतली खोट कोण सांगतंय व्हय?"

"हे लग्न नाही. ब्रेक आहे."

त्यांनी माझ्या वाटीत आणखी रस्सा ओतायला लावला.

दुपारी चक्क लॅपटॉपला फीत बांधलेली होती. प्रमुखांनी ती कापली, सुषमाने बटण दाबलं. पडद्यावर आराखड्यांची नावं सरकली आणि शेवटी लाल अक्षरं उमटली : ब्रेक, दोष निसटले. तरी टाळ्या पडल्याच! लोकांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"हे काय केलंस?" प्रमुख दातओठ खात पुटपुटले.

"खुलं म्हणजे सगळंच खुलं की, सर."

"मग दुसरा गाईड बघ."

"बघतो," ती म्हणाली. मला त्या सभागृहाची किळस आली आणि त्या मुलीचा अभिमान वाटला.

परतताना गाडीत बसण्याआधी मी ती चिकटपट्टी ओढून काढली.

"अवो पावणं, आता दिवा दिसणार की!"

"दिसू दे. आधी गॅरेज, मग पुणं."

मेकॅनिकने चाक उघडलं. ब्रेक झिजून पार लोखंडाला लागले होते. बाबूराव वाकून बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "रोज पोरीला शाळंत सोडतोय मी ह्यातनं."

घरी आलो त्याला बरेच दिवस झाले. सुषमाला अजून गाईड मिळालेला नाही. उद्या ज्यांच्या पोरी तसल्या चिपच्या भरवशावर शाळेत जातील, त्यांना तिचं नावही ठाऊक नाही.