थांबलेले काटे

कोर्टातल्या मुद्देमालाच्या खोलीत लाखमावशींचा शब्द शेवटचा. पोलिसांनी जप्त केलेली प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर लाखेचं सील लागून कपाटात जायची, ती थेट न्यायाधीशांपुढेच उघडायची. सील जरा तडकलेलं दिसलं की हवालदाराची कंबख्ती भरलीच म्हणून समजा.

एकदा मावशींच्या वडिलांचं चोरीला गेलेलं भिंतीवरचं घड्याळच भंगारवाल्याकडून जप्त होऊन आलं. संशयावरून पोलिसांनी घर रंगवून गेलेल्या रंगाऱ्याला धरलं होतं. मावशी तडक न्यायाधीशांकडे गेल्या.

"साहेब, हे माझ्या घरचं आहे. या कपाटाची किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी द्या."

घरी वडिलांनी डोकं खाल्लं. "टिकटिक नसली की मला झोप लागत नाही गं. एकदा चावी देऊन बघ तरी, चालतंय का!"

"पुराव्याला हात लावायचा नसतो, बाबा. विषय संपला."

खटल्यात सील उघडलं. चोराने भिंतीवरून काढताना लंबक थांबून घड्याळ बंद पडलं होतं, काटे तीन वाजून दहा मिनिटांवर. चोरीच्या दुपारी त्या वेळी रंगारी दातांच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसला होता. डॉक्टरांनी तशी साक्ष दिली आणि रंगारी सुटला.

घड्याळ घरी आलं. चावी देण्याआधी वडिलांनी थांबलेल्या काट्यांवरून बोट फिरवलं.

"तू माझं ऐकलं असतंस तर गं?"

"ऐकलंच असतं, बाबा," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर किल्ली माझ्याकडे ठेवली नव्हती."