आधी उसवून दाखव

टाचणीमावशीचं खरं नाव गल्लीत आता कोणालाच आठवत नाही. ओठांत कायम दोन-चार टाचण्या, आणि त्या नसल्या तरी बोलणं टोचणारंच, म्हणून हे नाव पडलं. एका खोलीत, खिडकीपाशी ठेवलेल्या मशीनवर तिने तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. काम शिकायला नवी मुलगी आली की मावशी तिला पहिल्या दिवशी मशीनला हात लावू द्यायची नाही. एखादा जुना सदरा पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "शिवायला काय, कोणीही शिकतं गं. आधी उसवून दाखव." फर्रकन ओढून कापड फाडणारी दुपारच्या आत घरी जायची. कापडाला धक्का न लावता टाका सोडवणारी राहायची. माणूस ओळखायची तिची एवढीच कसोटी होती.

अशी ही बाई साठी उलटल्यावर पहिल्यांदा परदेशी निघाली, तीही एकटी. नातीच्या शाळेत नाटक होतं आणि नात त्यात खंड्या पक्षी होणार होती. पंख आजीनेच शिवायचे, हा तिचा हट्ट. मावशी महिनाभर निळ्या चिंध्यांत बुडून गेली. एकेक पीस वेगळं कापलं, वेगळं टाचलं. "नाटक बरोबर चार वाजता आहे," नातीने फोनवर बजावलं. "पंख नाही आले तर मी स्टेजवर जाणारच नाही!"

लेकीने दुसरंच बजावलं होतं. "आई, कोणाशी बोलू नकोस, कोणी दिलेलं खाऊ नकोस. माझा नंबर आणि पत्ता अंगावर जपून ठेव." मावशीने हे असं काही मनावर घेतलं की चिठ्ठी कोटाच्या अस्तरात सरकवली आणि वरून नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिलाई मारून टाकली. चोराच्या बापाला निघाली नसती.

विमानात ती खिडकीला नाक लावून बसली. ढग वरून दिसतात याचं तिला इतकं नवल वाटलं, की शेजारच्या म्हातारीला कोपराने ढोसून दाखवावं असं फार मनात आलं. पण बोलायचं नव्हतं ना! म्हातारीने चघळायची गोळी पुढे केली. मावशी म्हणाली, "नको." तिकडच्या भाषेतले तिला तीनच शब्द येत होते, नमस्कार, आभार आणि नको. त्यातला शेवटचा तिने वापरून वापरून झिजवला. पिशवी उचलू लागणाऱ्याला नको, जागा देणाऱ्याला नको, नुसतं हसणाऱ्यालाही नको.

विमानतळावरून पुढे रेल्वेने जायचं होतं आणि स्टेशनवर लेक उभी राहणार होती. पण मधेच गाडी थांबली, सगळ्यांना उतरवून बसमध्ये बसवलं आणि बसने नेऊन भलत्याच चौकात सोडलं. लेकीला कळवावं म्हणून मावशीने घाईने फोन काढला. तो हातातून निसटला, फरशीवर आपटला आणि काळा पडला. नंबर पाठ कुठला असणार? घड्याळात दोन वाजून गेलेले.

मग अस्तर आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशी बाकावर बसून शिलाई उसवायला लागली. कात्री विमानतळावर काढून घेतली होती. कॉलरला राहिलेली एकुलती एक टाचणी वाकली. दात लावले, तर दातच कळवळले. आपल्याच हाताच्या टाक्याचा तिला भयंकर राग आला आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

तिची धडपड बघून एक भले गृहस्थ जवळ आले, काहीतरी समजुतीचं बोलले आणि त्यांनी खिशातून छोटा चाकू काढला. मावशीने कोट घट्ट आवळला, पंखांची पिशवी छातीशी धरली आणि "नको! नको!" ओरडत जी पळत सुटली ती कोपऱ्यावर वळूनच थांबली. बिचारे गृहस्थ चाकू उघडा धरून तसेच उभे राहिले.

आणि तिथे, काचेच्या आत, एक शिवणयंत्र होतं! मागे तिच्याच वयाची बाई, गळ्यात टेप, समोर दुरुस्तीच्या कपड्यांचा ढीग. मावशीला वाटलं, आपल्याच खोलीत आलो. ती आत शिरली आणि चक्क मराठीतच म्हणाली, "बाई गं, चिठ्ठी आत आणि मी बाहेर!" बाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिने कोट मागायला हात पुढे केला.

मावशी थबकली. लेकीचा आवाज कानात होता, भिंतीवर अडीच वाजत होते. तिने कोट अंगातून न काढताच चिठ्ठीची जागा सोडून त्याची खालची दुमड पुढे केली आणि बोटाने दाखवलं, इथून, एवढंच.

बाईने चष्मा खाली ओढला. दुमड दोन बोटांत हलकीच ताणली आणि टोकदार कात्रीने चार टाके सोडून एक कापला. पुन्हा चार सोडून एक. मग कापड उलटं केलं आणि मागचा दोरा हळूच ओढला. अख्खा दोरा सरळ हातात आला. कापडावर भोकसुद्धा मोठं झालं नव्हतं.

मावशीने कोट काढून तिच्या हातात दिला.

पुढचं सगळं भराभर झालं. अस्तर उसवताना बाईने दुहेरी शिलाईवर बोट फिरवलं, भुवया उंचावल्या आणि मान डोलावली. मावशी लाजली! चिठ्ठी निघाली, बाईने आपल्या फोनवरून लेकीला गाठलं, लेक पलीकडे रडू आणि ओरडू लागली. ती येईपर्यंत बाई कोटावर वाकून शिवत बसली. मावशीने निळे पंख उलगडून दाखवले, तेव्हा एक पीस सैल झालेलं त्या बाईच्याच नजरेला पडलं. तेही तिने टाचून दिलं. निघताना मावशीने दिवसभर कोरा ठेवलेला शब्द काढला, "आभार," आणि तो दोनदा म्हटला.

चारला पाच मिनिटं असताना नातीच्या पाठीवर पंख चढले. पडदा उघडला आणि खंड्या असा काही फडफडला की मावशीचे डोळे भरून आले. रुमालासाठी तिने कोट चाचपला, तर चिठ्ठीच्या जागी शिलाई नव्हतीच. एक छोटं टिचबटण होतं. बोटाने ओढलं की उघडायचं, दाबलं की बंद.

शेजारी लेक अजून दबक्या आवाजात धुसफुसत होती. "इतकं सांगून पाठवलं, आणि तू अनोळखी बाईच्या हातात कोट काढून दिलास?"

"काढून दिला," पंखांवरची नजर न हलवता मावशी म्हणाली, "पण आधी उसवून घेतलं तिच्याकडून."