चामड्याचं बेअरिंग

करपलेल्या तेलाचा वास आला की बावड्याहून इंदापूरला निघालेली ती दुपार आठवते. माझं पहिलं बाळंतपण होतं, मूल आडवं आलं होतं, आणि सुईणीनं हात टेकले होते. धाकट्या दिरांनी आपली मोटार काढली, मला धरून सासूबाई मागं बसल्या. शर्यतीच्या बैलासारखी पळवायचे ते तिला. निम्म्या वाटेत इंजिन आतून ठोकायला लागलं, ऐरणीवर घाव बसावेत तसं. दिरांनी काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, आणि त्यांचं तोंडच उतरलं. "बेअरिंग गेलं, वैनी." मी बाभळीखाली कण्हत पडले, ते मोटारीखाली शिरले. सांडलेल्या तेलात शिशाचा चुरा चमकत होता. त्यांनी आपल्या वहाणेचं चामडं कापलं, तेलात भिजवलं आणि झिजलेल्या बेअरिंगच्या जागी बसवलं. मग निघालो ते बैलगाडीच्या चालीनं. सासूबाई ओरडल्या, "आरं, पळीव की! हातची जाईल माझी सून!" "आये, पळवली तर चामडं जळंल, आतला दांडा तुटून इंजिन फुटंल. मग हितंच ऱ्हाऊ सगळी." कळ आली की मलाही वाटायचं, ओरडावं, पळवा म्हणून. मी पदर तोंडात कोंबला आणि त्या ठोक्यालाच कान लावला. इंदापूरच्या दवाखान्यात पोर रडलं तेव्हा सगळे हसले. मला मात्र अजून ठोकाच ऐकू येत होता. आता नातू मोटार सुसाट हाकतो आणि मला भित्री म्हणतो. मी तोंडाशी पदर धरून इंजिन ऐकत बसते.