बोटीत जात्याला जागा

निवृत्तीनंतर लोक शेत घेतात, फार तर दुभती गाय घेतात. आमच्या ह्यांनी बोट घेतली. तीही मासे धरायची साधी नाव नव्हे, तर नाक वर करून सुसाट पळणारी लाल फायबरची बोट. कुठल्याशा तलावावरचा बोटिंग क्लब बंद पडला होता आणि ती तिथं आवारात धूळ खात पडली होती. हे गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात जन्मभर फिटर होते. बंद पडलेलं मशीन दिसलं की ह्यांना मायेचा पान्हा फुटतो. माझं डोकं दुखत असलं तर मात्र "बाम लाव" एवढ्यावर भागतं.

बोट आली तेव्हा मी तिच्यात पिशवी ठेवायला जागा शोधली. पुढं दोन खुर्च्या, मागं एक आडवी सीट आणि त्यामागं बोटीच्या मानानं अवाढव्य इंजिन. बनवणाऱ्यानं पळण्याचा सगळा विचार केला होता, काही घेऊन जाण्याचा अजिबात नाही. बाटली ठेवायला एक खळगा होता, त्यात औषधाची बाटली बसली असती. नोकरीत मी नर्स होते. एटापल्लीच्या जंगलात लसीचा डबा मांडीवर घेऊन डोंग्यातून, बैलगाडीतून फिरले आहे, तेव्हा जागेची तक्रार कधी केली नाही. पण एवढ्या थाटाच्या बोटीत जेवणाचा डबासुद्धा मांडीवर घ्यायचा, हे मला पटेना. बोट भंगारात द्या म्हणून मी मागं लागले होते.

ती वाचली माझ्या बाईमुळे. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घर वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या काठावर आणि बाई पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या आमच्या माहेरच्या गावात, आईबापाच्या घरात एकटी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणसं आवाजावरून ओळखायची आणि न ओळखलेल्याला शिव्या द्यायची. गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या वाटेवर पडली, तेव्हा मी हट्टच धरला. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं असतं, पण नंतर डोळ्यांत थेंब घालायला, धुरापासून जपायला कुणीतरी हवं. म्हणजे माझ्याकडे येऊन राहायचं.

रस्त्यानं यायचं तर पुलाला वळसा घालून अर्धा दिवस जातो आणि बाईला गाडी लागते. उभी एसटी पाहिली तरी तिला मळमळतं. नदीचं मात्र तिला काही नाही, ती डोंग्यातच वाढली. खाली बंधारा झाल्यापासून नदी वर्षभर भरलेली असते. सांगायचं काय, बोटीला अचानक काम मिळालं आणि ह्यांची छाती फुगली.

बाई यायला तयार झाली, पण तिची एक अट होती. आईचं जातं, बियाणं, तुंबे, मोहाचं पोतं आणि कोंबड्या, सगळं बरोबर यायला हवं. मी वैतागले. माझ्याकडे मिक्सर आहे, तांदूळ आहे, जातं कशाला पाहिजे असं म्हणाले. ती चुलीत फुंकर घालत होती.

"पाहुणी म्हणून येत नाई मी," ती म्हणाली. "पाहुणीले कोनी काम सांगत नाई. निस्तं बसून खाऊ का मी तुह्या घरी?"

नर्सची नोकरी करून मी कितीतरी म्हाताऱ्या लेकाच्या घरी खाटेवर बसवलेल्या पाहिल्या आहेत. बसवलं की संपतात. बाईला तशी आणायची नव्हती, तर तिचं घर आणायला हवं होतं. आणि घर आणायचं तर त्या लाल बोटीत.

मग आमच्या अंगणात संशोधन सुरू झालं. हे सकाळी चहाचा कप घेऊन बोटीत शिरायचे आणि जेवायच्या वेळी केसांत फायबरची पूड घेऊन बाहेर यायचे. बोटीच्या नाकात एक पोकळी निघाली, झाकण काढून हात घालता येईल एवढी. तिथं तुंबे ठरले. वाळवलेला भोपळा आतून पोकळ, त्यात बाई तीळ, हळद, जवस भरून ठेवते, म्हणजे तुंबा स्वतःच डबा. बोटीच्या काठाला आतून जुनं जाळं ताणून मोहाच्या पोत्याची सोय झाली. जात्याच्या दोन तळ्या दोन खुर्च्यांखाली, एक इकडे एक तिकडे. वजन एका बाजूला गेलं तर वेगात बोट कलंडते, हे ह्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला झोपेत विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. लाइफ जॅकेट घरीच ठेवू, तेवढीच जागा वाचेल, असंही एकदा सुचवून पाहिलं. मी म्हटलं जॅकेट अंगात घाला, अंगात घातलेल्या वस्तूला जागा लागत नाही.

राहिलं बियाणं. ते कोरडंच हवं आणि वेगात सगळीकडून पाणी उडतं. ह्यांनी सरळ मागची सीट उखडली. तिच्या जागी प्लायवूडची पेटी ठोकली, झाकणाला जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर लावलं, वर गादी शिवून घेतली. आत बियाणं, वर बाई. पेटीवर पाणी ओतून दाखवलं, थेंब आत गेला नाही. फ्रिज बिघडला तेव्हा टाकून द्या म्हणाली होतीस, हे ऐकवायलाही हे विसरले नाहीत.

चाचणीला विटा भरल्या, वर माझी भांडी. ह्यांनी वेग वाढवला, बोटीनं नाक उचललं आणि एक पातेलं उडून वैनगंगेला अर्पण झालं. ते सासूबाईंचं होतं, म्हणून मी फार बोलले नाही.

थंडीतल्या एका सकाळी धुकं ओसरल्यावर आम्ही पलीकडे गेलो. काठावर अर्धं गाव जमलं होतं आणि प्रत्येकाला बोटीबद्दल मत होतं. लोकांनी सामान आणून दिलं, ह्यांनी रचलं. काय सांगू, सगळं मावलं. तुंबे नाकात, पोतं जाळ्यात, जात्याच्या तळ्या खुर्च्यांखाली, भाताच्या तणसात बांधलेलं बियाणं पेटीत. जग जिंकल्यासारखे हे काठावरच्या लोकांकडे पाहत होते. मीही त्या वेळी खूश होते, उगाच खोटं कशाला बोलू.

बाई आली. अंगात नारिंगी जॅकेट, हातात कोंबड्यांची टोपली. हात धरून मी तिला पेटीपर्यंत नेलं आणि बस म्हटलं. तिनं गादी चाचपली, बियाणं कुठं ठेवलं विचारलं. ह्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की तुमच्या खालीच आहे, एकदम कोरडं.

"बियाण्याच्या डोस्क्यावर बसू का मी?" बाई म्हणाली.

मी खालीच पाहिलं. आमच्या घरात बियाण्याला पाय लागला तर हात जोडतात. लहानपणी मी बियाण्याच्या बांधलेल्या मोटेवर बसले म्हणून आईनं मला बदडलं होतं, तेव्हा सोडवायला बाईच आली होती. ह्यांना ते कळणार नाही, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बियाणं येतच नाही. मला कळायला हवं होतं. पण महिनाभर जागा-जागा करता करता माझ्या लेखी बियाणंही मालच झालं होतं.

बियाणं मांडीवर घ्यावं तर भिजणार. मी झाकणावर बसते म्हणाले आणि टेकणार तोच बाईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की तिला मोतीबिंदू आहे यावरचा माझा विश्वासच उडाला. शेवटी मी माझी खुर्ची तिला दिली आणि उतरले. हे म्हणाले, मी तुला घ्यायला परत येतो.

मग आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. परत येता येतं. पाच मिनिटांची नदी, दोन खेपा केल्या असत्या तर सीटही उखडावी लागली नसती आणि पातेलंही गेलं नसतं. पण मी पडले बदलीची नर्स. दर बदलीला माझं बिऱ्हाड एका ट्रकनं, एका खेपेत हललं आणि तो ट्रक रजा काढून हेच भरायचे. सामान म्हटलं की ते एकदाच न्यायचं, यापलीकडे आमचं डोकं चाललंच नव्हतं. काठावरचं अर्धं गाव हसत होतं आणि ह्यांनी इंजिनाची दोरी ओढली.

बाई पुढं बसली, मांडीवर टोपली, तोंड वाऱ्याकडे. बोटीनं नाक उचललं तेव्हा कोंबड्या ओरडल्या. बाई ओरडली नाही, आणखी जोरात चालव असं ह्यांना सांगत होती, हे मला नंतर कळलं.

मी वर बाईच्या घरी गेले. दार उघडंच होतं. जातं होतं तिथं सारवणात एक गोल उरला होता, आमच्या आईच्या वेळेपासूनचा. तुंब्यांच्या दोऱ्या आढ्याला तशाच लटकत होत्या. मी खांद्यावरची पर्स काढली आणि ठेवायला गेले, तर कुठं ठेवावी कळेना. सगळं घर मोकळं पडलं होतं. मला रडू आलं. मी हिला उपटून नेतेय, असं वाटलं, आणि ते दवाखान्यात ऑपरेशनसाठी तिचं नाव नोंदवताना वाटलं नव्हतं.

इंजिनाचा आवाज आला तशी डोळे पुसून काठावर आले. बोटीत हे होते आणि शेजारी, माझ्या खुर्चीत, बाई. मी चिडले. एवढं करून तिला परत कशाला आणलं? हे म्हणाले, सामान शेजाऱ्यांनी उतरवून घेतलं, कोंबड्यासुद्धा उतरल्या, बाई काही उतरेनात.

"तुह्या घरात तुह्याबिगर गेलो असतो तं पाहुणीच झालो असतो ना," बाई म्हणाली. "तू दार उघड, मंग मी येतो."

ती आपणहून उठली, चाचपत मागं गेली आणि माझी पर्स मागितली. रिकाम्या पेटीचं झाकण उघडून तिनं ती आत टाकली, झाकण लावलं आणि गादीवर ऐसपैस मांडी घालून बसली. माझ्या पर्सच्या डोक्यावर बसायला तिची काही हरकत नव्हती.